परदेशात शिकताना नोकरी: बडोद्यातून सारखे येणारे प्रश्न

मे महिना उजाडला की आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या दारात चपलांची रांग लागते. कुणाचं कॅनडाचं स्टडी परमिट आलेलं असतं, कुणाचं यूकेचं ऑफर लेटर. सोबत आई, बाबा, कधी आजीसुद्धा. अमेरिकेत शिकताना मी विद्यापीठाच्या मेसमध्ये भांडी घासली, लायब्ररीच्या काउंटरवर बसले आणि परत येऊन इथेच रमले, एवढंच माझं भांडवल. पण तेच ते प्रश्न येत राहिले म्हणून एका वहीत लिहून ठेवायला लागले. ही त्या वहीची साफ केलेली प्रत.

एक गोष्ट आधीच सांगते. येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती तास चालतं?" काम कुणाकडे करायचं, कधीपासून करायचं आणि पगारी नोकर म्हणून करायचं की स्वतःचा धंदा म्हणून, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि मुलं अडकतात ती बहुतेक या तीन ठिकाणी. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

१. विद्यार्थी व्हिसावर काम करणं कायदेशीर असतं का, की सगळे गुपचूपच करतात?

कायदेशीर असतं, पण अटींसह. या अटी कुठे ना कुठे लिहिलेल्या असतात आणि त्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचायच्या असतात. यूकेत त्या तुमच्या ई-व्हिसावर दिसतात, कॅनडात स्टडी परमिटवर छापलेल्या असतात, ऑस्ट्रेलियात व्हिसा मंजुरीच्या पत्रात 'अट ८१०५' म्हणून येतात. जर्मनीत रेसिडेन्स परमिटसोबत हिरवट रंगाचा एक पुरवणी कागद मिळतो, तो हरवू नका. अमेरिकेत पासपोर्टवरच्या व्हिसावर कामाबद्दल काहीच नसतं. तिथे आय-२० हा फॉर्म आणि विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद सांभाळणारा नेमलेला अधिकारी, यांच्यावर सगळं चालतं.

कॅनडाला उतरल्यावर परमिट हातात पडलं की काउंटर सोडण्यापूर्वी वाचा. कामाच्या परवानगीची ओळ नसेल तर तिथल्या तिथे विचारा. नंतर दुरुस्तीला अर्ज करण्यात आठवडे जातात.

२. कुठल्या देशात किती तास? एकदाच नीट सांगा.

यूके: पदवी किंवा त्यावरच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, त्याखालच्या कोर्सला १०. कॅम्पसवरचं आणि बाहेरचं सगळं मिळून.

अमेरिका: एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २०, तेही फक्त कॅम्पसवर. बाहेरचं काम ही वेगळीच कथा आहे, प्रश्न ८ आणि १४ पाहा.

कॅनडा: ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. कॅम्पसवरच्या कामाला तासांची मर्यादा नाही. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात बाहेरच्या कामाची मर्यादा तात्पुरती उठवली होती. तेव्हा गेलेले दादा-ताई अजूनही "कितीही कर रे, कोण विचारतं" असं सांगतात. ते दिवस संपले.

ऑस्ट्रेलिया: १ जुलै २०२३ पासून १४ दिवसांत ४८ तास. रिसर्च मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांना कोर्स सुरू झाल्यावर मर्यादा नाही.

जर्मनी: १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातल्या 'हिवी' कामाचे, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालच्या साहाय्यकाच्या कामाचे, दिवस यात धरत नाहीत.

आयर्लंड: आठवड्याला २० तास. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४०.

न्यूझीलंड: नोव्हेंबर २०२५ पासून आठवड्याला २५.

३. पोहोचल्या पोहोचल्या काम सुरू करता येतं का? सामान ठेवलं की लगेच लागायचा विचार आहे.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात कोर्स सुरू होण्याआधी काम केलं तर तो अटीचा भंग ठरतो. तीन आठवडे आधी जाऊन "तेवढेच चार पैसे" मिळवायचा बेत असेल तर सोडून द्या. अमेरिकेत कॅम्पसवरचं काम वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून करता येतं. पण आधी प्रश्न ४ मधला नंबर मिळवावा लागतो आणि त्यात वेळ जातोच.

४. कुठले नंबर, कुठले कागद लागतात? एजंट त्याचे वेगळे पैसे मागतोय.

देऊ नका. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर, कॅनडाचा सिन, यूकेचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, ऑस्ट्रेलियाचा टीएफएन, म्हणजे टॅक्सचा नंबर, हे सगळे फुकट मिळतात आणि स्वतः काढता येतात.

अमेरिकेत आधी नोकरी आणि मग नंबर, असा उलटा क्रम आहे. काम देणाऱ्याचं पत्र आणि डीएसओचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचं. यूकेत नंबर यायच्या आधीही काम सुरू करता येतं. तिथे मालकाला हवा असतो तुमचा शेअर कोड, त्यावरून तो तुमचा कामाचा हक्क ऑनलाइन तपासतो. कॅनडात तात्पुरत्या रहिवाशांचा सिन ९ आकड्याने सुरू होतो आणि परमिट संपलं की तोही संपतो. परमिट वाढवलं तर सिनही नवा करून घ्यायचा, हे हमखास विसरलं जातं. जर्मनीत घराचा पत्ता नगरपालिकेत नोंदवला की टॅक्सचा नंबर पोस्टाने घरी येतो. पत्रपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं हवं, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. हा सल्ला विनोदी वाटला तरी खरा आहे.

५. कामाच्या पैशांत फी निघेल ना? आम्ही तसाच हिशोब धरलाय.

हा हिशोब मोडा. यूकेत एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे. वीस तासांचे आठवड्याला २५४ पौंड, महिन्याचे सुमारे ११००. आणि व्हिसा देताना तिथलं सरकारच राहण्याखाण्याचा खर्च लंडनबाहेर महिन्याला ११७१ आणि लंडनमध्ये १५२९ पौंड धरतं. म्हणजे दर आठवड्याला पूर्ण तास मिळाले तरी पोटापाण्याचंच जेमतेम भागणार, फी तर दूरच. जर्मनीत सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाममात्र असते, म्हणून तिथे हे गणित जरा बरं बसतं. पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावेच लागतात. पुढे मिळणारा पार्टटाइम पगार पुरावा म्हणून चालत नाही.

पहिले दोन-तीन महिने काम मिळतच नाही असं धरून घरून निघा. मला मेसमधलं काम मिळालं तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि इथून नेलेली मेतकुटाची पिशवीही.

६. आठवडा म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? या आठवड्यात दहा आणि पुढच्या आठवड्यात तीस, अशी सरासरी चालेल का?

यूकेत अजिबात नाही. आठवडा सोमवार ते रविवार आणि प्रत्येक आठवडा स्वतंत्र. एका आठवड्यात २१ तास झाले तर तो भंगच. मागच्या आठवड्यात शून्य होते ही सबब चालत नाही.

ऑस्ट्रेलियातली मोजणी समजायला अवघड आहे. कुठल्याही सोमवारपासून सुरू होणारे १४ दिवस घ्या, ४८ च्या आत हवेत. समजा पहिल्या आठवड्यात १० तास, दुसऱ्यात ३८ आणि तिसऱ्यात २०. पहिला आणि दुसरा मिळून ४८, ठीक. पण दुसरा आणि तिसरा मिळून ५८. अडकलात. पगार पंधरवड्याने होतो म्हणून मुलं पगाराच्या स्लिपवर मोजतात आणि नेमकी इथेच फसतात.

जर्मनीत चार तासांपर्यंतचं काम अर्धा दिवस, त्यावर गेलं की पूर्ण. रोज पाच तासांची पाळी घेतली तर तुमचे दिवस दुप्पट वेगाने संपतात. ज्यांना आठवड्याची मोजणी सोयीची वाटते त्यांना सत्रात २० तासांपर्यंतचं 'वर्कस्टुडंट' म्हणून काम करता येतं. त्यात आरोग्य विम्याचाही फायदा होतो.

दोन नोकऱ्या असतील तर तास एकत्र धरले जातात. पहिल्या मालकाला दुसऱ्याकडचे तास माहीत नसतात. ते तुम्हीच फोनमध्ये लिहून ठेवायचे.

७. सुट्टीत पूर्णवेळ चालतं असं सगळे म्हणतात. मग जून ते सप्टेंबर यूकेत पूर्णवेळ करू ना?

पदवीला असाल तर बहुधा हो. एक वर्षाच्या मास्टर्सला असाल तर बहुधा नाही. हा फरक सगळ्यांनी समजून घ्यावा, कारण आपल्याकडून जाणारी बहुतेक मुलं मास्टर्सलाच जातात.

मेमध्ये वर्ग संपतात, परीक्षा होतात, कॅम्पस ओस पडतो आणि वाटतं की सुट्टी लागली. पण जून ते सप्टेंबर हा प्रबंधाचा काळ, आणि बहुतेक विद्यापीठं मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी तो सत्राचाच भाग धरतात. म्हणजे वीसच तास. तुमची सुट्टी कोणती ते विद्यापीठाच्या पत्रावर ठरतं, मित्राच्या सुट्टीवर नाही. तोच मित्र बीएस्सीला असेल तर त्याला चाळीस तास चालतील आणि तुम्हाला नाही, तेही एकाच दुकानात. नाताळ आणि ईस्टरच्या सुट्टीत सहसा पूर्णवेळ करता येतं, पण तेही कागदावर बघून. कोर्सची अधिकृत शेवटची तारीख उलटली की व्हिसा असेपर्यंत पूर्णवेळ चालतं.

आमच्या नात्यातला एक मुलगा जुलैमध्ये एका गोदामात आठवड्याला ३८ तास करत होता, अगदी निर्धास्तपणे. कंपनीच्या एचआरने विद्यापीठाच्या तारखांचं पत्र मागितलं आणि त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं. पुढचे दोन महिने त्याची आई रोज रात्री मला फोन करायची.

कॅनडात नियोजित सुट्टीत पूर्णवेळ चालतं, पण सुट्टीच्या आधी आणि नंतर तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असायला हवं. अमेरिकेत सुट्टीत पूर्णवेळ म्हणजे कॅम्पसवरच पूर्णवेळ.

८. मामांच्या ओळखीच्यांचं न्यू जर्सीत मोटेल आहे. घरचंच समजा. तिथे काउंटरवर बसलो तर चालेल का?

नाही. बडोद्यातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त रुसवे याच उत्तरावर होतात. मोटेल, गॅस स्टेशन, किराण्याचं स्टोअर, सगळं कॅम्पसबाहेर. एफ-१ वर ते बेकायदा, मालक सख्खा मामा असला तरी. "पगार नको, राहायला खोली आणि जेवण दे" ही युक्तीही चालत नाही, कारण कामाच्या बदल्यात मिळालेली खोली हाही मोबदलाच.

कॅम्पसवरचं म्हणजे काय, हे मात्र वाटतं त्यापेक्षा रुंद आहे. लायब्ररी, मेस, प्रयोगशाळा, वसतिगृह हे तर आहेच, पण कॅम्पसवर विद्यार्थ्यांना सेवा देणारं खासगी पुस्तकांचं दुकान किंवा कॅफेही त्यात येतं. विद्यापीठाच्या आवारात इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडचं काम येत नाही. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर तीही याच २० तासांत मोजतात. असिस्टंटशिपच २० तासांची असेल तर मेसचं काम विसरा.

एक अपवाद आहे. पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर घरी अचानक मोठं आर्थिक संकट आलं, तर डीएसओमार्फत अर्ज करून बाहेर काम करायची परवानगी मागता येते. परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत मात्र थांबावं लागतं.

९. मालक म्हणतो, कॅशमध्ये देतो, कागदावर येणारच नाही. मग काय हरकत?

रोख पगार घेणं हा गुन्हा नाही, पण लपवलेलं काम आहे. त्या मालकाला तुमच्याशी सहसा किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं असतं, म्हणून तो तुमच्यावर उपकार करतोय असा चेहरा करतो. यूकेत बेकायदा काम देणाऱ्याला फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे. धाड पडली की तो तुम्हाला ओळख दाखवेल का, याचा अंदाज करा. आणि बेकायदा काम करणं हा तिथे काम करणाऱ्याचाही गुन्हा आहे.

१०. पैसेच घेतले नाहीत तर ते काम होतच नाही ना?

देवळात प्रसाद वाढणं, गणेशोत्सवाच्या मंडपात खुर्च्या लावणं ही सेवा. पण ज्या कामाला एरवी पगार असतो ते फुकट केलं तर तेही काम ठरू शकतं. यूकेत ठरलेल्या वेळेला यायलाच हवं, ठरलेली जबाबदारी पार पाडायलाच हवी, असं असेल तर पगार नसला तरी ते तास २० मध्ये धरतात. अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत "अनुभवासाठी" फुकट इंटर्नशिप घेण्याआधी डीएसओला विचारा. अनेकदा त्यालाही सीपीटी ही परवानगी लागते (प्रश्न १४ पाहा).

११. स्कूटरवर जेवण पोहोचवायचं काम? वेळ आपल्या हातात असतो.

वेळ हातात असतो, कारण तुम्ही नोकर नसता. तुम्ही स्वतःचा धंदा करत असता, आणि यूकेच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला पूर्ण बंदी आहे, अगदी एक तासही. ऊबर ईट्स आणि डिलिव्हरूचे रायडर तिथे स्वयंरोजगारी असतात. म्हणून तिथे दुसऱ्याच्या नावाचं अकाउंट भाड्याने घ्यायचा प्रकार चालतो. त्यात अडकू नका, तो एका गुन्ह्यावर दुसरा गुन्हा.

ऑस्ट्रेलियात एबीएन, म्हणजे धंद्याचा नंबर, काढून हे काम करता येतं, फक्त तास ४८ मध्ये धरायचे. कॅनडातही २४ तासांच्या आत चालतं. जर्मनीत पगारी नोकर म्हणून चालतं, स्वतंत्र धंदा म्हणून मात्र परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत नाही.

१२. मी लहानपणापासून तबला-ढोल शिकलोय. नवरात्रात तिकडे गरब्यात वाजवायचे चांगले पैसे मिळतात. घेऊ का?

बडोद्याचा मुलगा हे विचारणारच! यूकेत मानधन घेऊन कार्यक्रम करणं विद्यार्थ्याला मना आहे. तिथे 'मनोरंजन करणारा' म्हणून काम करण्यावर वेगळी, स्पष्ट बंदी आहे. तासांचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत ते कॅम्पसबाहेरचं विनापरवाना काम. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तासांच्या मर्यादेत आणि टॅक्स भरून चालतं. मंडळात हौसेने, पैसे न घेता वाजवायला कुठेच कुणी अडवत नाही. नऊ रात्री वाजवा.

१३. रात्री बसून बाबांच्या रावपुऱ्यातल्या दुकानाची जीएसटीची बिलं करते. पैसे भारतातल्या खात्यात. हे मोजतात का?

घरच्यांना हातभार म्हणून, पगाराविना, अधूनमधून करत असाल तर डोक्याला ताप करून घेऊ नका. पण ठरलेला पगार घेत असाल, किंवा इथल्या कंपनीची जुनी नोकरी लॅपटॉपवर चालू ठेवली असेल, तर पैसे कुठल्या खात्यात येतात याने काही फरक पडत नाही. तुम्ही बसला आहात कुठे, हे बघतात.

यूकेत भारतीय कंपनीसाठी नोकर म्हणून केलेले तास २० मध्ये धरा, आणि फ्रीलान्स असेल तर प्रश्न ११ मधली बंदी लागू. कॅनडाचा नियम वेगळा आणि उदार आहे: कॅनडाबाहेरच्या मालकासाठी दूरवरून केलेलं काम २४ तासांत मोजत नाहीत. अमेरिकेत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन जाणं सगळ्यात सुरक्षित. चालू ठेवायचीच असेल तर तिथल्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा, पगार घेतल्यावर नाही.

१४. सीपीटी आणि ओपीटी यांत फरक काय? दोन्ही घेता येतात का?

दोन्ही अमेरिकेतल्या कामाच्या परवानग्या, दोन्ही तुमच्या विषयाशी संबंधित कामासाठी. सीपीटी शिकत असताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर डीएसओ ती आय-२० वर नोंदवतो, त्यात कंपनीचं नाव आणि तारखा असतात. त्या तारखेच्या आदल्या दिवशी रुजू झालात तरी बेकायदा. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पातळीची ओपीटी गेलीच. अकरा महिन्यांवर थांबणारे शहाणे.

ओपीटी बहुतेक जण शिक्षण संपल्यावर घेतात, १२ महिने. अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत, पण डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत. ही ३० दिवसांची मुदत चुकल्यामुळे रडलेली मुलं मी पाहिली आहेत. परवानगीच्या कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून एकूण ९० दिवसच बेकार राहता येतं. म्हणून ती तारीख उतावीळपणे लवकरची मागू नका.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतली पदवी असेल तर आणखी २४ महिने मिळतात. त्यासाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाचा हक्क तपासण्याच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत, नोंदलेला हवा, प्रशिक्षणाचा आय-९८३ आराखडा भरायचा, आणि काम पगारीच हवं. बेकारीचे दिवस तेव्हा एकूण १५० होतात.

पहिल्या दिवसापासून सीपीटी देऊ करणारी काही कॉलेजं आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कामाचा अनुभव सक्तीचा असेल तर नियमात तशी सोय आहे, पण पुढच्या व्हिसाच्या वेळी याच मुद्द्यावर कसून चौकशी होते. अशा कॉलेजपासून चार हात लांब राहा, असं माझं मत.

१५. इतर देशांत शिक्षण संपल्यावर किती दिवस नोकरी करता येते?

यूकेत ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसावर, दोन वर्षं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज केला तर १८ महिने. पीएचडीला तीन वर्षं. कॅनडात कोर्स किमान आठ महिन्यांचा हवा. दोन वर्षं किंवा जास्तीच्या कोर्सला तीन वर्षांचं परमिट मिळतं, आणि मास्टर्स दोन वर्षांपेक्षा लहान असला तरी तीन वर्षंच. अर्ज १८० दिवसांत करायचा, आता भाषेची परीक्षाही लागते, आणि कॉलेजातल्या डिप्लोमाला विषय मान्य यादीत हवा. ही शेवटची अट फी भरण्याआधी तपासायची. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने, आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर २४. ऑस्ट्रेलियात भारतीयांना मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत, पीएचडीनंतर चार. मात्र वयाची अट आता बहुतेकांसाठी ३५ आहे.

१६. लग्न झालंय. नवरा किंवा बायको सोबत आली तर तिला काम करता येईल का?

अमेरिकेत एफ-२, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर नाही. यूकेत जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या पदव्युत्तर कोर्सलाच जोडीदार नेता येतो, साध्या मास्टर्सला सहसा नेताच येत नाही. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून किमान १६ महिन्यांचा मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक कोर्स असेल तरच जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे जवळपास कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी. ऑस्ट्रेलियात तुम्ही मास्टर्स किंवा पीएचडीला असाल तर जोडीदाराला तासांची मर्यादा नाही.

१७. टॅक्स भरायचा का? इतका कमी तर पगार.

विवरणपत्र भरायचं, मग बहुधा पैसे परतच मिळतात. अमेरिकेत एक डॉलरही कमावला नाही तरी फॉर्म ८८४३ भरायचा असतो. पगार असेल तर १०४०-एनआर हे विवरणपत्र, १५ एप्रिलपर्यंत. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. कापले असतील तर पगार विभागाकडून परत मागा. ऑस्ट्रेलियात पगारावर मालकाने वेगळे १२ टक्के 'सुपर'मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या निधीत, भरायचे असतात. देश कायमचा सोडताना कर वजा जाऊन ते परत मिळतात. कित्येक जण ते तिथेच सोडून येतात.

इकडची बाजू: ऑगस्टमध्ये निघालात तर त्या आर्थिक वर्षात आयकरासाठी तुम्ही भारताचेच रहिवासी ठरण्याची शक्यता मोठी, म्हणजे तिकडचा पगारही इथे दाखवावा लागू शकतो. उलट परकीय चलनाच्या कायद्यात रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २००३ च्या परिपत्रकापासून परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, म्हणून बँकेत सांगून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यायचं. एकच माणूस एका कायद्यात रहिवासी आणि दुसऱ्यात अनिवासी! पहिल्या वर्षी सीएला एकदा दाखवाच.

१८. मालक पगार अडवतोय. तक्रार केली तर व्हिसा जाईल अशी धमकी देतो.

किमान वेतन आणि झालेल्या कामाचा पगार हा तुमचाही हक्क आहे. तक्रार किंवा चौकशी इथे करायची: ऑस्ट्रेलियात फेअर वर्क ओम्बुड्समन, यूकेत अकासची हेल्पलाइन, कॅनडात त्या त्या प्रांताचं रोजगार मानकं पाहणारं कार्यालय, अमेरिकेत श्रम खात्याचा वेज अँड अवर विभाग. व्हिसाचा धाक दाखवून राबवून घेणं हा ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून मालकाचा गुन्हा आहे. पाळ्यांचे मेसेज, स्लिपा, बँकेतल्या जमा सगळं जपून ठेवा. धमकी तोंडी देणारा माणूस पाळी मात्र व्हॉट्सॲपवरच कळवतो.

१९. चुकून तास जास्त झाले. आता काय करू? पुढच्या अर्जात न सांगितलं तर?

आधी जास्तीचे तास त्याच दिवशी थांबवा. मग विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात जा आणि खरं सांगा. अमेरिकेत डीएसओला सांगण्याआधी वकिलाशी बोललेलं बरं, कारण डीएसओला काही गोष्टी सरकारी नोंदीत टाकाव्याच लागतात. आणि विनापरवाना काम केलेल्याला दर्जा परत मिळवणं तिथे फार कठीण.

न सांगणं हा सगळ्यात महाग मार्ग. मूळ चूक कधी कधी माफ होते, खोटं सहसा होत नाही. फसवणुकीच्या कारणावरून अर्ज नाकारला तर यूकेत दहा वर्षं आणि कॅनडात पाच वर्षं दार बंद होतं. अमेरिकेत ते कायमचंही होऊ शकतं.

२०. स्कॉलरशिप मिळाली आहे. तिच्यावर काम करता येतं का?

व्हिसाची परवानगी एक आणि स्कॉलरशिपचा करार दुसरा. दोन्हींत जी अट कडक असेल ती पाळायची. काही स्कॉलरशिप बाहेरचं काम पूर्ण मना करतात, काही परत येऊन नोकरीची अट घालतात. बडोद्याला हे नवीन नाही: १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर महिना साडेअकरा पौंडांवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले, तेव्हाही करारात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी लिहिलेली होती. करार पूर्ण वाचा, मागच्या पानासकट.

२१. एक सेमिस्टर ब्रेक घेतला किंवा कोर्स सोडला, तर हातातलं काम चालू ठेवता येईल का?

नाही. कामाची परवानगी शिक्षणाच्या शेपटीला बांधलेली आहे. कॅनडात मंजूर रजेवर असतानाही काम बंद, आणि विषय कमी करून अर्धवेळ विद्यार्थी झालात तरी बाहेरचं काम बंद. अपवाद फक्त शेवटच्या सेमिस्टरचा, कमी विषय उरले असतील आणि त्याआधी सलग पूर्णवेळ असाल तर. यूकेत विद्यापीठाने नाव काढल्याचं कळलं की त्या दिवसापासून पाळीवर जायचं नाही. अमेरिकेत डीएसओच्या मंजुरीशिवाय विषय कमी केले की एफ-१ चा दर्जाच जातो. आजारपणामुळे विषय कमी करायचे असतील तर डॉक्टरांचं पत्र घेऊन आधी डीएसओकडे, आणि विषय काढायचं बटण त्यानंतर दाबायचं.